बाजारचं माप

माझ्या बायकोला माझ्याबद्दल जवळपास सगळं ठाऊक आहे. कोणत्या भाचीच्या लग्नात मी रुसून बसलो होतो, कोणत्या शेजाऱ्याशी का बोलत नाही, सगळं. हे एक नाही. आईला सांगितलं नाही, मित्रांना नाही. वडील होते तोवर त्यांच्यापाशी बोलता आलं असतं — त्यांना तर अर्धं न सांगताच कळलं असतं — पण त्यांच्याशीही बोललो नाही. चौदा वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही, हे त्यातल्या त्यात बरं आहे.

गेल्या महिन्यात आमच्या क्लबातल्या एका मुलीच्या पिस्तुलाचा ट्रिगर तुटला. नवा कोणता बसवायचा ते मी ठरवावं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. खामगावात या कामाला दुसरा माणूस नाही. मी म्हणालो, डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, पुण्याला पाठवा.

माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही.

आधी थोडं माझ्याबद्दल सांगतो. मुद्द्यावर यायला तेवढाच उशीर करता येईल — हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मी एका जिनिंग फॅक्टरीत फिटर आहे. कापसाच्या एका रिकाम्या गोदामात आमचा नेमबाजीचा क्लब चालतो. दहा मीटर अंतर, सहा टार्गेटं, वर पत्रे. एप्रिल-मे महिन्यात त्या पत्र्यांखाली उभं राहून नेम धरणं म्हणजे काय, हे खामगावच्या माणसालाच विचारावं. आम्ही एअर पिस्तूल मारतो, हवेच्या दाबावर शिशाची बारीक गोळी सोडणारं. मी स्वतः बरा नेमबाज. बरा म्हणजे जिल्ह्याबाहेर कधी न गेलेला. पण यंत्राचा हात होता, त्यामुळे पिस्तुलं उघडणं, साफ करणं, ट्रिगर बसवणं हळूहळू माझ्याकडे आलं.

ट्रिगरबद्दल एक गोष्ट तुम्हाला कळली पाहिजे. नियम असा आहे की या पिस्तुलाचा ट्रिगर निदान पाचशे ग्रॅमचा हवा. तपासणी साधी असते. पिस्तूल तयार करायचं, नळी वर करून उभं धरायचं, ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन अडकवायचं आणि टेबलावरून अलगद उचलायचं. वजन उचललं गेलं आणि पिस्तूल सुटलं नाही, की पास. मध्येच टक् झालं तर नापास. हलका ट्रिगर सगळ्यांनाच हवा असतो, कारण बोट कमी दाबावं लागतं आणि हात कमी हलतो. म्हणून चांगला कारागीर तो, जो ट्रिगर पाचशेच्या अगदी काठावर आणून ठेवतो, पण काठाच्या खाली जाऊ देत नाही.

माझे ट्रिगर लोण्यासारखे असतात, असं क्लबात म्हणत. अकोल्याहूनही एक-दोघं पिस्तूल घेऊन यायचे. मी मान खाली घालून हसायचो. आवडायचं हो — कोणाला आवडत नाही?

आता वजनाचं सांगतो. ते टाळून चालणार नाही.

माझे वडील धाडच्या आठवडी बाजारात डाळ, शेंगदाणे आणि मिरची विकायचे. आमच्या घरी अर्ध्या किलोची लोखंडी मापं दोन होती. दोन्ही सहा कोनांची, दोन्हींना एकाच डब्यातला हिरवा रंग दिलेला. एकाला वडील घरचं माप म्हणत, दुसऱ्याला बाजारचं. लोखंडी मापाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं भरून वजन बरोबर करतात. बाजारच्या मापातलं शिसं कोरून काढलेलं होतं आणि तिथं लाख भरलेली होती. नुसतं बघून काही कळत नसे. बोट फिरवलं की शिसं गार लागतं, लाख लागत नाही. मी सातवीत असताना एकदा चुकून गिऱ्हाइकाला घरच्या मापानं डाळ मोजून दिली. वडील रागावले नाहीत. दुकानाचं पाल आवरून झाल्यावर त्यांनी माझं बोट धरून दोन्ही बुडांवर टेकवलं.

"हे बाजारचं हाय. देतानी हे, घेतानी घरचं. अन् कोनाले सांगू नोको."

मी सांगितलं नाही. गप्प राहण्याची सवय मला अशी लहानपणापासूनची आहे.

तुम्ही वडिलांना वाईट म्हणाल. म्हणा. पण मला हे त्यांच्यावर ढकलायचं नाही. त्यांनी डाळ कमी दिली. पुढचं सगळं माझं आहे.

तर, क्लबाचं पाचशे ग्रॅमचं वजन एकदा हरवलं. वडिलांनी तोवर बॅटरीवरचा काटा घेतला होता आणि दोन्ही मापं फडताळात पडून होती. नवं वजन येईपर्यंत चालेल म्हणून मी त्यातलं एक उचलून आणलं आणि त्याला बारीक तारेचा आकडा केला. कोणतं आणलं? हाताला लागलं ते — असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. मी फडताळापाशी उभं राहून दोन्ही बुडांवर बोट फिरवलं होतं. घरच्या मापानं आई अजून साखर-शेंगदाणे मोजायची, ते नेलं तर चौकशी झाली असती. बाजारचं गेलेलं कोणाला कळणार नव्हतं. चार दिवसांचा तर प्रश्न, असं म्हटलं आणि पिशवीत टाकलं.

मग त्यावर मी पहिला ट्रिगर लावला. आणि लोक म्हणाले, वा, काय हात आहे.

कळलं ना? नंतर एकदा फॅक्टरीच्या काट्यावर मी ते माप ठेवून पाहिलं. वीस ग्रॅम कमी भरलं. म्हणजे माझे लोण्यासारखे ट्रिगर पाचशेचे नव्हतेच, चारशेऐंशीचे होते. त्यात माझ्या हाताचा वाटा किती आणि लाखेचा किती? जिल्ह्याच्या स्पर्धांत ट्रिगर कोणी तपासत नसे. नवं वजन मागवायचं राहून गेलं. मीच राहू दिलं.

अशात वंदना आली.

ती देऊळघाटची, वडील शिंपीकाम करायचे. खामगावला मामांकडे राहून कॉलेज करत होती. मला दादा म्हणायची. आमच्या क्लबाचे सर म्हणजे निवृत्त क्रीडाशिक्षक, कौतुकाच्या बाबतीत फार कंजूष माणूस. तेसुद्धा तिचं टार्गेट हातात घेऊन दोनदा बघायचे. इतकी शांत पोरगी मी पाहिलेली नाही. बाकीचे आम्ही वाईट गोळी गेली की पिस्तुलाकडे रागानं बघतो. ती बघायची नाही. थोडं थांबायची आणि पुढची मारायची. मला तिचा अभिमान वाटायचा.

राज्यस्पर्धेत पदक आलं असतं तर खेळाडूंच्या जागेतून पोलीसभरतीत तिचं नाव लागणार होतं. मामांनी तिला एक वर्ष दिलं होतं. यंदा जमलं तर ठीक, नाहीतर स्थळं बघायची. हे मला माहीत होतं. तिनंच सांगितलं होतं, एका संध्याकाळी, टार्गेटं गोळा करता करता. म्हणजे काय पणाला लागलं आहे ते मला कळलं नव्हतं, असं म्हणायचीही सोय नाही.

स्पर्धेला पंधरा दिवस असताना तिच्या ट्रिगरला चीर गेली. पिस्तूल आधीच कोणाचं तरी वापरलेलं, जुनं. पुण्याहून तीन ट्रिगर मागवले आणि मी ते पेपरवर मांडून ठेवले. पहिला कंपनीचा, तुटला तसाच, सपाट नि रुंद. दुसरा वाकडा, बोट आत बसेल असा. तिसरा बारीक, लांब पात्याचा, मागेपुढे सरकवता येणारा. वंदनानं एकेक बसवून घेतला, डोळे मिटून बोट ठेवून पाहिलं. तिला पहिलाच बरा वाटत होता. बोटाला सवयीचा आहे, म्हणाली. मी तिसरा धरून बसलो. लांब पात्यावर बोट खाली पडतं आणि तेवढा दाब कमी लागतो. त्यावर माझी कारागिरी दिसली असती. राज्याच्या स्पर्धेत कोणीतरी ते पिस्तूल हातात घेऊन विचारेल, कोणी बसवला हो हा ट्रिगर? — खरं सांगतो, असलं चित्र माझ्या डोळ्यांपुढे होतं.

तिनं ऐकलं. माझं ऐकायची ती.

नवा ट्रिगर बसला की वजन पुन्हा लावावं लागतं. एक बारीक स्क्रू असतो, तो पाव आटा, म्हणजे पाव फेरा, इकडे-तिकडे केला की फरक पडतो. मी बाजारचं माप अडकवलं, स्क्रू सैल करत करत काठावर आणला. ती शेजारी उभी होती.

"दादा, मापावर दोन वायसर ठेवून लावा न. अगदी काठावर कायले?"

दोन वायसर. पेटीत पडलेले साधे लोखंडी वायसर, बोल्टाखाली घालायच्या चकत्या. ते ठेवले असते तर वीस ग्रॅम सहज भरून निघाले असते आणि आज हे लिहायला मी बसलो नसतो. मी हसलो. म्हणालो, काठावर ठेवण्यातच तर खुबी आहे. वायसर काय कोणीही ठेवील. त्या वेळी मला माप हलकं असल्याचं आठवत नव्हतं का? आठवत होतं. त्या मापाचं बूड माझ्या डाव्या तळहातावर होतं.

पुण्याला मी सोबत गेलो होतो. सरांना बरं नव्हतं, म्हणून त्यांनी मला पाठवलं. तिथं स्पर्धेआधी ट्रिगर तपासून घेण्यासाठी एक टेबल मांडलेलं होतं. सक्ती नव्हती. ज्याला शंका असेल त्यानं तपासून घ्यावा, कमी भरला तर तिथंच स्क्रू फिरवून दुरुस्त करावा. बरीच रांग होती. वंदना म्हणाली, मी जाऊन येते. आणि मी तिला म्हणालो, काही गरज नाही, आपण घरी तपासला आहे, उगाच रांगेत हात अवघडतील.

का म्हणालो असं? मी यावर खूप विचार केला आहे. ट्रिगर तिथं नापास झाला असता तर मला एवढंच म्हणावं लागलं असतं की माझा अंदाज चुकला. एक मिनिटाचं काम होतं. पण ती तिथंच विचारती, दादा, आपलं माप बरोबर नाही का? या एका प्रश्नाला मी घाबरलो. तिच्यामागे उभे असलेले मोठ्या क्लबांचे लोक ऐकतील, याला घाबरलो. शिवाय वाटलं, नंतर सगळ्यांचेच ट्रिगर थोडेच बघतात? चिठ्ठ्या टाकून दोघा-तिघांचे बघतात. तिची चिठ्ठी कशाला निघेल?

ती रांगेत गेली नाही.

त्या दिवशी ती जन्मात कधी मारल्या नसतील अशा गोळ्या मारत होती. चाळीस गोळ्या झाल्या तेव्हा यादीत ती दुसरी होती. मला रडू येत होतं — आनंदानं, आणि थोडं भीतीनं. मग पंच आले, चिठ्ठ्या काढल्या आणि तिच्या टार्गेटचा नंबर वाचला.

पिस्तूल उभं धरलं. वजन अडकवलं. टेबलापासून बोटभरही उचललं नसेल, टक् झालं. नियमानं तीनदा संधी देतात. तीनदा टक् झालं. मी कठड्यापाशी उभा होतो. तो आवाज लहान असतो हो, शेजारचं माणूस खोकलं तरी ऐकू येणार नाही असा. मला तो अजूनही पाठ आहे.

ती बाद झाली. पण ती घाबरली नाही, रडलीही नाही. पंचांना सांगू लागली की आम्ही पाचशेच्या मापानं तपासून लावला आहे, हे दादा आहेत ना, यांनी लावला, यांना विचारा. आणि माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर केवढी खात्री होती. पंचांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "मी पाचशेवरच लावला होता. नंतरचं मला माहीत नाही."

नंतरचं मला माहीत नाही. मधले सगळे दिवस पिस्तूल तिच्यापाशी होतं. मी तिच्यावर आरोप केला नाही, एक शब्दही वाईट बोललो नाही. फक्त एवढं म्हणालो, आणि बाकीचं सगळ्यांनी आपापलं समजून घेतलं. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण तिला समजुतीच्या सुरात म्हणाले की पोरी, हलक्या ट्रिगरचा मोह सगळ्यांनाच होतो.

हे सगळ्यात वाईट असेल असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही तेव्हा वाटलं होतं.

परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. जलंबला गाडी बदलताना एवढंच म्हणाली की खामगावला गेल्यावर त्या मापाचं वजन करून बघायचं. तिला दुसरी शंका घ्यायला जागाच नव्हती, कारण स्क्रूला आपण हात लावलेला नाही हे तिला माहीत होतं. खामगावला आल्यावर सरांनाही ते पटलं. उद्या सकाळी सराफाच्या काट्यावर बघू, माप घेऊन या, असं त्यांनी मला सांगितलं. माप माझ्याच पेटीत होतं, आणि पेटी मी घरी नेत असे.

घरी आलो. आई देवळात गेली होती. फडताळातून घरचं माप काढलं. बोट फिरवलं — गार लागलं. बाजारच्या मापाचा तारेचा आकडा पक्कडीनं सोडवला आणि घरच्याला लावला. दोन्हींना एकाच डब्यातला हिरवा रंग होता. पाच मिनिटंही लागली नाहीत.

सकाळी सराफाच्या दुकानात आम्ही तिघं होतो, मी, सर आणि वंदना. सराफानं आकडा काढून माप काट्यावर ठेवलं. चारशे नव्व्याण्णव आणि पुढे काहीतरी. जुन्या लोखंडाला एवढं चालतं, तो म्हणाला, चोख आहे. सरांनी वंदनाकडे पाहिलं नाही, दुकानातल्या कॅलेंडरकडे बघत राहिले. ती काट्यावरच्या त्या आकड्याकडे किती तरी वेळ बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला दिसत होतं. ती आठवत होती — पिस्तूल पुसताना, पेटीत ठेवताना, कधी तो स्क्रू आपल्या हातून फिरला का, हे आठवत होती. जे झालंच नव्हतं ते शोधत होती. आणि तिला ते सापडलं.

बाहेर आल्यावर ती माझ्याजवळ आली.

"दादा, पुसतानी माह्याच हातानं स्क्रू फिरला असन. मी तुमच्या मापावर उगाच शंका घेतली. मनावर नका घेऊ."

मी म्हणालो, जाऊ दे. होतं असं.

हे ते. चौदा वर्षांत कोणाला सांगितलं नाही ते हे. तिनं माझी माफी मागितली आणि मी ती घेतली. वर मोठेपणानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढचं गावात व्हायचं तेच झालं. पोरीनं स्क्रू ढिला केला, असं आधी दबक्या आवाजात आणि मग उघड बोलत. भरती गेली. मामांनी स्थळ बघितलं, लग्न इथंच खामगावात झालं. माणसं चांगली मिळाली, नवरा भला आहे. ती घरी ब्लाऊज शिवते. मध्ये पाच-सहा वर्षं क्लबाच्या दारातही आली नाही. मग क्लबात मुली वाढल्या, त्यांना शिकवायला बाईमाणूस हवं म्हणून सरांनी तिला बोलावून आणलं. आता दर रविवारी येते. मला अजून दादा म्हणते. राखीपौर्णिमेला राखी बांधते.

घरचं माप त्या दिवसापासून क्लबातच आहे. आईनं चौकशी केली तेव्हा क्लबाला दिलं, एवढंच सांगितलं. तिनं त्याला कापडाची पिशवी शिवली आहे, नाडी ओढून बंद होणारी. नव्या मुली आल्या की पहिल्या रविवारी ती ते पिशवीतून काढते, त्यांच्या हातात देते आणि आपली गोष्ट सांगते. काही लपवत नाही. आपण राज्यात दुसऱ्या होतो आणि कशानं बाद झालो, ते सगळं. गेल्या महिन्यातही सांगितली. मी समोरच पिस्तूल पुसत बसलो होतो.

"हे माप सराफाच्या काट्यावर तोललेलं हाय. माप खोटं नव्हतं, मीच चुकली होती. म्हनून सांगते, स्क्रूले हात लावू नोका."

आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली की या पोरीचा ट्रिगर तुम्हीच निवडा, दादा, तुमच्यासारखा हात कोणाचा नाही. तेव्हा मी डोळ्यांचं कारण सांगितलं.

बाजारचं माप माझ्या अवजारांच्या पेटीत तळाशी आहे. वंदनानं स्क्रूला हात लावला नव्हता. ती ते विसरून गेली आहे. मला माहीत आहे.